दिसणारे अक्षर, वाचले जाणारे अक्षर

मजकूर कोणत्या रूपात द्यावा, हा प्रश्न भाषा-प्रारूपांमुळे नव्याने विचारला जात असला तरी मराठीला तो जुनाच आहे. विल्यम कॅरीने बंगालमधील श्रीरामपुरात १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले ते देवनागरीत. १८१० सालचा कोश मात्र मोडी खिळ्यांत. मोडी ही वेगाने धावणाऱ्या हाताची लिपी. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद ती फारसा पाळत नाही. दफ्तरातल्या कारकुनाला संदर्भ ठाऊक असे, म्हणून ते चालून जाई. छापील पुस्तकाचा वाचक अनोळखी. त्याला बाळबोधच सोयीची.

खरा घोळ झाला तो संगणकावर. १९९१ साली इस्की ही भारतीय मानक संहिता ठरली, त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्तीही निघाली. तरीही पुढे कित्येक वर्षे मराठी छपाई चालली ती ज्याच्या त्याच्या स्वतंत्र फॉन्टांवर. अशा फाइलीत ‘क’ नसतोच; रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. कागदावर पान निर्दोष दिसते, पण पीडीएफमधून मजकूर उचलावा तर रोमन चिन्हांचा चिवडा हाती येतो. एका अख्ख्या पिढीचे लेखन असे अडकून पडले आहे.

तो चिवडा प्रारूपापुढे ठेवण्यापेक्षा पानाचे चित्र ठेवणे बरे, असे सहज वाटते. पण धूसर छपाईत अनुस्वार किंवा रफार हरवला की प्रारूप शोभेलसा शब्द घालून मोकळे होते, आणि ती चूक डोळ्यांना दिसत नाही. चिवडा निदान आपण चिवडा असल्याचे लपवत नाही! म्हणून फॉन्ट ओळखता येत असेल तर आधी परिवर्तकाने युनिकोड करावे, हे माझे मत. चित्र त्यानंतर, आणि नावे व सनावळ्या मूळ पानाशी ताडूनच घ्याव्यात.

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. मुख्यतः इंग्रजीवर बेतलेल्या प्रारूपात आपला मजकूर अधिक तुकड्यांत फुटतो, म्हणजे महागही पडतो. त्यावर रोमन लिपीची पळवाट सुचवली जाते. पण नेहमीच्या रोमन लेखनात ‘काल’ आणि ‘काळ’, ‘कल’ आणि ‘कळ’ यांतला भेदच उरत नाही. हा मोडीचाच सौदा, फक्त संदर्भ जाणणारा कारकून वजा करून.

मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली २०१४ साली. संहितेत जागा मिळाल्याने पेशवे दफ्तरातले रुमाल काही आपोआप मजकूर झाले नाहीत. त्यासाठी मोडी वाचणारा माणूस लागतो.