शत्रूच्या अंगरख्याची ओळख

पावसाळी हवा चार दिवस सलग राहिली, की नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या परिसरातला टोमॅटो लावणारा शेतकरी सकाळी मळ्यात शिरल्यावर आधी खालची पाने उलटून पाहतो. पानावर वर्तुळात वर्तुळे असलेला तपकिरी डाग दिसला, तर तो लवकर येणारा करपा. तेलकट, पाणी मुरल्यासारखा डाग आणि पानाखाली पांढरी लव दिसली, तर उशिरा येणारा करपा. वरून हिरवे दिसणारे झाड भर दुपारी माना टाकू लागले, तर मुळात मर शिरलेली असते. यापुढचा प्रश्न ठरलेला असतो : फवारणी कशाची घ्यायची?

गेली सुमारे 140 वर्षे या प्रश्नाचे उत्तर एकाच वळणाचे राहिले आहे. बुरशीला मारील असे काहीतरी झाडावर फवारायचे. त्या उत्तराच्या शेजारीच एक दुसरे उत्तर हळूहळू आकाराला येत होते. त्याचा इतिहास मात्र शेतीच्या ग्रंथांत फारसा आढळत नाही, कारण त्याची पाने रसायनशास्त्र, कीटकशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र यांत विखुरलेली आहेत. ती एकत्र लावण्याचा हा प्रयत्न आहे.

पहिल्या उत्तराचा उगम प्रसिद्ध आहे. 1845 साली आयर्लंडमधले बटाट्याचे पीक करप्याने कुजले आणि त्यानंतरच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली. तेव्हा रोगाचे कारणच वादात होते, मग उपाय कुठला? उपाय सापडला तो फ्रान्सच्या मेदॉक भागात, 1882 मध्ये, आणि तोही योगायोगाने. वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना यांचे निळसर पाणी मारण्याची तिथे रीत होती. त्या वर्षी केवड्याने बाकीच्या वेली झडल्या असताना कडेच्या वेली मात्र हिरव्या राहिल्याचे प्राध्यापक पियेर मिलार्दे यांच्या नजरेस आले. त्यांनी प्रयोग करून 1885 मध्ये कृती प्रसिद्ध केली. आपल्याकडचा शेतकरी आजही ज्याला ‘बोर्डो’ म्हणतो, ते हेच मिश्रण. त्यानंतर कितीतरी नवी औषधे आली, पण त्यामागची कल्पना तीच राहिली. झाड म्हणजे रणभूमी. लढायचे ते औषधाने, झाडाने नुसते उभे राहायचे.

दुसऱ्या उत्तराची सुरुवात याच्याही आधीची आहे. 1811 मध्ये फ्रान्समधल्याच नान्सी येथील वनस्पती उद्यानाचे प्रमुख आंरी ब्राकोनो यांनी अळंबी सौम्य अल्कात शिजवून पाहिली. बाकी सारे विरघळले तरी एक चिवट चोथा मागे राहिला. त्यांनी त्याला अळंबीवरूनच ‘फंगिन’ असे नाव दिले. बारा वर्षांनी, 1823 मध्ये, ओगुस्त ओदिए यांना भुंगेऱ्याच्या पाठीवरच्या कडक पंखांत तसाच पदार्थ आढळला. त्यांनी त्याला ‘कायटिन’ म्हटले. ग्रीक ‘खिटॉन’ म्हणजे अंगरखा. कीटकाने अंगावर चढवलेला, म्हणून अंगरखा. नाव सहज दिलेले होते, पण पुढचा सारा इतिहास त्या नावाला धरून चालला आहे.

हा अंगरखा कशाचा विणलेला आहे, हे कळायला आणखी शतक लोटले. कायटिन हे निसर्गातले एक बहुवारिक आहे, म्हणजे एकाच तऱ्हेच्या लहान रेणूंची लांबलचक माळ. या माळेचा मणी ग्लुकोजचाच भाऊबंद असतो, फक्त त्याला नायट्रोजन असलेला एक गट जोडलेला असतो. झुरिकमध्ये आल्बर्ट होफमान या तरुणाने 1929 मध्ये गोगलगाईच्या पाचकरसाने कायटिन तोडून त्याची रचना उलगडण्याचे काम डॉक्टरेटसाठी केले. पुढे ‘एलएसडी’चा शोध लावणारे होफमान ते हेच. त्याआधी 1859 मध्ये शार्ल रूजे यांनी कायटिन तीव्र अल्कात उकळले होते. तेव्हा जो पदार्थ हाती आला, तो सौम्य आम्लात विरघळत होता. फेलिक्स होप्पे-झायलर यांनी 1894 मध्ये त्याला ‘कायटोसान’ हे नाव दिले. न विरघळणारा अंगरखा आता पातळ करून पानावर शिंपडता येणार होता. पण तसे करावे, असे कोणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते.

शेतीशी पहिला धागा जुळला तो मातीतून. 1961 मध्ये राल्फ मिचेल आणि मार्टिन अलेक्झांडर यांनी दाखवले, की मातीत कायटिन मिसळले तर मुळे कुजवणाऱ्या फ्युजेरियम बुरशीचा जोर कमी होतो. कायटिन खाऊन जगणारे जिवाणू मातीत वाढतात आणि ते बुरशीची भिंतही पोखरतात, असा त्याचा अर्थ लावला गेला. कारण बुरशीच्या पेशीची भिंतही कायटिननेच मजबूत झालेली असते. ब्राकोनो यांच्या अळंबीतला चोथा तो हाच.

यानंतरचा धागा अमेरिकेतल्या पुलमन गावी, वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात सापडतो. तिथे ली हॅडविगर वाटाण्याच्या शेंगांवर काम करत होते. 1979 मध्ये त्यांनी सहकाऱ्याबरोबर दाखवले, की कायटोसान अनेक बुरशींची वाढ थेट रोखते, मात्र ज्या बुरशींच्या भिंतीत मुळातच कायटोसान भरपूर असते त्यांच्यावर त्याचा प्रभाव पडत नाही. पुढच्याच वर्षी त्यांनी आणखी महत्त्वाची गोष्ट मांडली. कायटोसान लागताच वाटाण्याची शेंग स्वतःच बुरशीविरोधी द्रव्य तयार करू लागते.

त्याच विद्यापीठात क्लॅरेन्स रायन टोमॅटोकडे पाहत होते. बटाट्यावरचा भुंगेरा टोमॅटोचे एक पान कुरतडतो, तेव्हा न कुरतडलेल्या पानांतही किडीचे प्रथिनपचन बिघडवणारी द्रव्ये साठू लागतात, हे त्यांनी 1972 मध्ये सहकाऱ्यासह दाखवले होते. म्हणजे झाडात निरोप फिरतो. 1983 मध्ये हॅडविगर आणि रायन यांचे काम एकत्र आले. कायटोसान दिल्यावर वाटाण्यात बुरशीविरोधी द्रव्य तयार होते, तर टोमॅटोच्या पानात कीडविरोधी. किडीचा दंश नाही, बुरशीची लागण नाही, तरी झाड सावध होते. त्याला नुसत्या अंगरख्याची चाहूल पुरते.

शेतकऱ्याला कामी येईल असा प्रयोग कॅनडात क्वेबेकच्या लाव्हाल विद्यापीठात झाला. निकोल बेनामू यांनी 1992 आणि 1994 मध्ये टोमॅटोच्या मुळाशी व खोडाच्या बुंध्याशी कूज आणणाऱ्या फ्युजेरियमवर निबंध प्रसिद्ध केले. कायटोसान दिलेल्या रोपांच्या मुळांचे पातळ काप त्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. न दिलेल्या रोपांत बुरशीचे तंतू आतपर्यंत शिरलेले होते. दिलेल्या रोपांत ते बाहेरच्या थरांतच अडकले होते, आणि जिथे तंतू टेकला तिथे झाडाने आपल्या भिंतीला आतून लिंपण घातले होते. 1994 च्या प्रयोगात तर बियाण्यालाच कायटोसान लावले होते. बियाण्याला दिलेली सूचना रोपाने मुळापर्यंत जपली होती.

मग झाडाला हा अंगरखा ओळखता तरी कसा येतो? टोमॅटोच्या शरीरात कायटिनचा लवलेश नाही. तरीही कायटिन कापणारी विकरे झाडांजवळ असतात. ही कात्री कशासाठी, याचे उत्तर स्वित्झर्लंडमधल्या बाझेल येथे थॉमस बोलर यांच्या गटाने 1986 मध्ये दिले : ती बुरशीची वाढ रोखते. 1993 मध्ये गेओर्ग फेलिक्स आणि बोलर यांच्या गटाने टोमॅटोच्या पेशी द्रवात वाढवून त्यांत कायटिनचे तुकडे सोडले. मात्रा इतकी सूक्ष्म, की एक लिटर द्रवात एका ग्रॅमचा दशलक्षावा भागही नाही. तरी काही मिनिटांतच पेशींभोवतीच्या द्रवाचा आम्ल-अल्क तोल बदलला. पेशींनी ओळख दिली होती. 2006 मध्ये जपानी संशोधकांना भाताच्या पेशीवर कायटिन पकडणारे प्रथिनही सापडले.

या कथेला बुरशीची बाजूही आहे. टोमॅटोच्या पानावर ऑलिव्ह रंगाची मखमल पसरवणारी क्लॅडोस्पोरियम फुल्व्हम ही बुरशी झाडात शिरताना एक प्रथिन सोडते. ते तिच्या कायटिनवर बसते आणि झाडाच्या कात्रीपासून त्याचे रक्षण करते. 2010 मध्ये नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेन येथील संशोधकांनी दुसरे प्रथिन उलगडले. ते कायटिनचे सुटलेले तुकडे वेचून घेते, म्हणजे झाडाला सुगावा लागू नये. टोमॅटोची चाल त्यावरही आहे. रानटी जातीकडून आलेले एक जनुक ज्या वाणात असते, तो पहिले प्रथिनच ओळखतो. अंगरख्यावर घातलेले चिलखतही तिथे चुगली करते.

हे सारे पाहिल्यावर कायटोसानची फवारणी काय करते ते उमगते. काही अंशी ती बुरशीला थेट रोखते, पण तिचे मोठे काम झाडाला इशारा देण्याचे आहे. युरोपीय संघाने 2014 मध्ये कायटोसान हायड्रोक्लोराइडला पीकसंरक्षणातील ‘मूलभूत पदार्थ’ म्हणून मान्यता दिली, तीही झाडाची स्वतःची बचावयंत्रणा जागवणारा म्हणूनच.

आता व्यवहाराकडे वळू. इशारा शत्रू यायच्या आधी द्यावा लागतो. करपा मळाभर पसरल्यावर कायटोसान फवारले तर ते बोर्डोची जागा घेऊ शकत नाही. हरितगृहात दिसलेला गुण उघड्या शेतात, वाण आणि हवामान बदलले की तितकाच दिसतो असे नाही. उशिरा येणाऱ्या करप्याचा जीव तर खरी बुरशीच नव्हे. त्याची भिंत मुख्यतः सेल्युलोज आणि त्याच्या जवळच्या शर्करांची असते, कायटिन तिच्यात नाममात्रच. ज्या रोगाने आयर्लंड उपाशी ठेवला, त्याच्या अंगावर हा अंगरखा जवळजवळ नाहीच.

कच्चा माल मात्र आपल्या दाराशी आहे. कोलंबीच्या वजनाचा निम्म्याच्या आसपास भाग डोके आणि टरफल यांत जातो, आणि बाजारातले बरेचसे कायटोसान अशा टरफलांपासूनच बनते. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने त्याची कृती विकसित केली आहे. आम्लाने चुना काढायचा, सौम्य अल्काने प्रथिने काढायची, मग गरम तीव्र अल्कात कायटिनचे कायटोसान करायचे. म्हणजे ‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या या पदार्थामागे आम्ल-अल्काचे सांडपाणी आहे. ते खाडीत सोडून मळ्यातले विष कमी केले, तर हिशेब जुळत नाही.

सर्वांत अवघड गोष्ट वेगळीच आहे. विषाचा परिणाम डोळ्यांना दिसतो, डाग वाळतो. इशाऱ्याचा परिणाम म्हणजे डाग न पडणे. जे घडलेच नाही त्यासाठी हंगामाच्या आरंभी पैसे मोजायचे, हे ज्याचे वर्षाचे उत्पन्न एका मळ्यावर अवलंबून आहे त्याला नुसते सांगून पटणार नाही. त्याच्याच मातीत, त्याच्याच वाणावर, काही ओळी फवारून आणि काही न फवारून वर्षानुवर्षे केलेल्या नोंदीच त्याला पटवू शकतील. मिलार्दे यांना ती सोय आयती मिळाली होती. रस्त्याकडेच्या वेली हिरव्या आणि आतल्या झडलेल्या, कोणीही पाहून घ्यावे. झाडाला शत्रूची ओळख पटते हे शास्त्राला कळले आहे. ते शेतकऱ्याला दिसावे, यासाठी अशा हिरव्या ओळी त्याच्या बांधावर उभ्या करण्याचे काम मात्र अजून बाकी आहे.