निजलेल्या यंत्राची पहिली हाक : खोडदची दुर्बीण ते संगणकातील डिस्क

१/ पिंपरी पेंढार ज्या जुन्नर तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील खोडद येथे १९ ऑक्टोबर २०१६ रोजी सायंकाळी एक क्षीण रेडिओ संदेश टिपला गेला. सुमारे साडेसतरा कोटी किलोमीटरवर, मंगळाच्या उंबरठ्याशी, तीन दिवस निजलेले एक यान नुकतेच जागे झाले होते. निजलेल्या यंत्राची हाक नेमकी ओळखायची कशी, त्याचा हा इतिहास.

२/ यानाचे नाव ‘स्कियापरेल्ली’. युरोपीय अवकाश संस्थेचे हे यान १६ ऑक्टोबरला आपल्या मातृयानापासून विलग झाले. त्याला सौर पंख नव्हते, होती केवळ बॅटरी. ती पुरावी म्हणून त्याला निद्रिस्त ठेवले होते. मंगळाच्या वातावरणात शिरण्याआधी सुमारे सव्वा तास ते जागे होऊन संदेश सोडू लागले.

३/ हा संदेश पृथ्वीसाठी नव्हताच. मंगळाभोवतीच्या यानांनी तो नोंदवून मागाहून पाठवायचा होता. पण थेट ऐकायचे कोणी? ते काम खोडदच्या जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीकडे आले. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या; त्यांपैकी १४ मध्यभागी एकवटलेल्या, १६ तीन भुजांवर विखुरलेल्या.

४/ प्राध्यापक गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही जागा निवडली, त्यामागे एक मोठे कारण होते शांतता. शहरांचा रेडिओ कोलाहल दूर, डोंगरांचा आडोसा जवळ. ४ ऑक्टोबर २००१ रोजी ही दुर्बीण जगातील शास्त्रज्ञांना अर्पण झाली. तिची अर्धी शक्ती तबकड्यांत असेल, तर अर्धी या शांततेत आहे.

५/ तरीही गोंगाट उरतोच. मग यानाचा आवाज ओळखायचा कसा? दोन कसोट्या लागतात. पहिली बळाची : पार्श्वभूमीपेक्षा काही उंच उठते आहे का? दुसरी आकाराची : यानाचा वेग बदलला की त्याच्या संदेशाची वारंवारिता ठरावीक रीतीने सरकते. तशीच सरकणारी रेघ दिसली, तरच ती हाक खरी.

६/ खोडदला ती रेघ दिसली. तिच्यातील बदलांवरून यानाचा उतरता प्रवासही कळत गेला. सुमारे पावणेदहा मिनिटांपूर्वीची ही घटना रेडिओ लहरी इथवर आणत होत्या. मग, यान मंगळावर टेकण्याच्या अपेक्षित वेळेच्या थोडे आधी, रेघ तुटली.

७/ चौकशीत कारण उलगडले. वळणाचा वेग मोजणाऱ्या यंत्राचे माप कमाल मर्यादेला जाऊन अपेक्षेपेक्षा अधिक काळ, सुमारे एक सेकंद, तिथेच अडकले. त्या चुकीच्या मापावरून संगणकाने मानले की आपण जमिनीच्याही खाली आहोत. प्रत्यक्षात यान सुमारे ३.७ किलोमीटर उंच होते. हवाई छत्री अकाली सुटली आणि यान कोसळले. खोटा संकेत खरा मानण्याची ही किंमत.

८/ हीच परीक्षा आपल्या संगणकात रोज घडते. २००३ साली ‘सिरियल एटीए’ अर्थात साटा ही डिस्क जोडण्याची पद्धत आली. तिच्यात वीज वाचवणाऱ्या दोन निद्रा होत्या : ‘पार्शल’, जिच्यातून १० मायक्रोसेकंदांत उठायचे, आणि गाढ ‘स्लंबर’, जिच्यातून १० मिलिसेकंदांत.

९/ साटामध्ये संदेश म्हणजे दोन तारांमधील व्होल्टेजचा फरक. निद्रेत हा फरक शून्यावर येतो, पण विजेची बारीक कुजबुज तारेवर चालूच असते. म्हणून ‘स्क्वेल्च’ नावाचा पहारेकरी जागा ठेवतात. पहिल्या पिढीच्या साटामध्ये त्याचा उंबरठा ५० ते २०० मिलिव्होल्टच्या दरम्यान असावा लागे. उंबरठा फार खाली ठेवला तर कुजबुजीनेच डिस्क जागी होणार. फार वर ठेवला तर खरी हाकही ऐकू न येता डिस्क संगणकाला सापडेनाशी होणार.

१०/ इथेही दुसरी कसोटी आकाराचीच आहे. संदेशाचे छोटे झटके आणि मधली शांतता यांचा ठेका ठरलेला असतो. झटक्यांमध्ये १०६.७ नॅनोसेकंदांची शांतता असेल तर अर्थ ‘जागा हो’. ३२० नॅनोसेकंदांची असेल तर ‘नव्याने आरंभ कर’. झटके दोन्हींत सारखेच. अर्थ ठरतो तो मधल्या शांततेच्या लांबीवर.

११/ पण पहारेकरीही वीज खातो. म्हणून २०१३ च्या साटा ३.२ मध्ये ‘डेव्हस्लीप’ आली : स्क्वेल्चसुद्धा बंद, आणि उठवण्यासाठी वेगळी तार. ऐकण्याचा खर्च परवडेना, तेव्हा अभियंत्यांनी दारावर स्वतंत्र घंटाच बांधली.

१२/ खोडदला मात्र ही पळवाट नाही. आकाशाशी वेगळी तार जोडता येत नाही. तिथे शांतताच राखावी लागते, आणि तिची किंमत परिसर मोजतो. पुणे–नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेचा नारायणगावमार्गे आखलेला मार्ग याच दुर्बिणीमुळे अडला. रेल्वेची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याचा प्रश्न खरा आहे, आणि दुर्बिणीची गरजही खरी आहे. या वादात मत बनवण्याआधी, त्या शांततेत काय ऐकू येते, हे ठाऊक असावे.

१३/ राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास, फेब्रुवारीअखेरीस, खोडदला विज्ञान प्रदर्शन भरते. तबकड्या जवळून पाहायच्या असतील, तर तेव्हा अवश्य जावे.