एकाच झाडावर दुसरी चकती

संगणकात जागा संपली की आपण दुसरी हार्ड डिस्क आणतो. विंडोजच्या संगणकात ती ‘डी’ किंवा ‘ई’ असं अक्षर घेऊन वेगळी चूल मांडते. युनिक्सच्या घराण्यात, म्हणजे लिनक्समध्येही, तसं नाही. तिथे नवी कोरी डिस्क बसवली तरी फायलींमध्ये ती कुठेच दिसत नाही. मी कविता लिहिणारा, बी.ए. झालेला माणूस, पण या अडचणीची कुळकथा मला एखाद्या शब्दाच्या व्युत्पत्तीइतकीच रंजक वाटते.

१९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सचा पाया घातला. सगळ्या फायलींचं एकच झाड, मूळ एक, बाकी फांद्या, अशी तिची रचना. पुढे ती पीडीपी-११ या यंत्रावर आली, तेव्हा त्याची चकती होती अवघी ५१२ किलोबाइटची. आज मोबाइलवर काढलेला एक फोटोही तिच्यात मावायचा नाही.

मग दुसरी चकती आली तर ती ठेवायची कुठे? झाड एकच, म्हणून ती फांदीवर बांधायची. कोकणात आंब्याचं कलम बांधतात तशी. या बांधण्याला ‘माउंट’ म्हणतात. १९७४ साली या दोघांनी लिहिलेल्या निबंधात त्यांची मांडणी दिली आहे : झाडाचं मूळ छोट्या चकतीवर, आणि वापरणाऱ्यांच्या फायली ४० मेगाबाइटच्या मोठ्या चकतीवर.

वापरणाऱ्यांच्या फांदीचं नाव ‘यूएसआर’. मुळाकडची जागा अपुरी पडली, तेव्हा काही आज्ञाही तिकडे राहायला गेल्या. पण चकती जोडण्याची आज्ञाच दुसऱ्या चकतीवर ठेवली, तर जोडणार कोण? पेटीची किल्ली पेटीतच ठेवण्यासारखं ते. म्हणून सुरुवातीला लागणाऱ्या आज्ञा मुळाजवळच्या ‘बिन’मध्ये आणि बाकीच्या ‘यूएसआर’मधल्या ‘बिन’मध्ये, अशी वाटणी झाली. चकत्या हजारो पटींनी मोठ्या झाल्या, वाटणी मात्र राहिली. लिनक्सच्या फेडोरा या अवताराने २०१२ साली दोन्ही चुली एक केल्या. डेबियनमध्ये हे काम पुरं व्हायला २०२३ साल उजाडलं.

आजही दुसरी डिस्क जोडायची तर तिचे भाग पाडायचे, त्यावर फायलींची व्यवस्था आखायची, फांदी निवडायची आणि ‘एफएसटॅब’ या फायलीत नोंद करायची. नोंद चुकली तर संगणक सुरू होताना अडतो. खरा धोका आखणीत आहे. डिस्कना ‘एसडीए’, ‘एसडीबी’ अशी नावं मिळतात आणि ती पुढच्या वेळी बदलूही शकतात. एका अक्षराची गल्लत, की नवीऐवजी जुनी डिस्क पुसली गेली!

माझ्या तीस वर्षांच्या कविता जुन्या डिस्कवर होत्या. भाच्याने आधी त्यांची प्रत काढली, दोन्ही डिस्कचे आकार ताडून पाहिले आणि नोंदीत नावाऐवजी यूयूआयडी हा न बदलणारा ओळखक्रमांक लिहिला. फांदीही रिकामी निवडली. भरल्या फांदीवर डिस्क बांधली, तर ती सोडवेपर्यंत तिथली जुनी पानं झाकली जातात.

नवं अक्षर देऊन मोकळं होणं सोपं. युनिक्समध्ये नव्याची जागा जुन्यात कुठे, हे आधी ठरवावं लागतं. एकदा ठरलं की कुठली कविता कोणत्या चकतीवर आहे, याची आठवण ठेवावी लागत नाही. वाचणाऱ्याला एकच झाड दिसतं.