‘ट्रेकी’ की ‘ट्रेकर’?

‘ट्रेक’ म्हटले की आपल्या घरातल्या तरुणांना राजगड-तोरणा आठवतो. पण हा शब्द डोंगरातून नव्हे, बैलगाडीतून आला आहे. डच भाषेत ‘ट्रेकेन’ म्हणजे ओढणे. इंग्रजी अमलाला विटलेल्या दक्षिण आफ्रिकेतील डचभाषी शेतकऱ्यांनी १८३५ पासून केप वसाहत सोडली आणि बैल जुंपून बिऱ्हाडासह अंतर्भागाची वाट धरली. तोच ‘ग्रेट ट्रेक’. तेथून इंग्रजीत या शब्दाला लांबच्या, खडतर प्रवासाचा अर्थ आला.

८ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेत दूरचित्रवाणीवर ‘स्टार ट्रेक’ सुरू झाली. तिचे जनक जीन रॉडनबेरी यांनी ही कल्पना मांडताना ‘वॅगन ट्रेन’ या गाड्यांच्या तांड्यावरील लोकप्रिय मालिकेचाच दाखला दिला होता. तांडा तोच, फक्त ताऱ्यांकडे निघालेला. गाडीने शब्दाची पाठ काही सोडली नाही!

आता चाहत्यांच्या नावाकडे वळू. १९६७ साली विज्ञानकथांच्या संमेलनात टोकदार कान लावून आलेली मंडळी पाहून संपादक आर्थर साहा यांनी त्यांना ‘ट्रेकी’ म्हटले, असे सांगतात. शेवटचा ‘ई’ लाडाचा, आणि सूर बदलला की हिणवणीचा. आपल्या ‘बाळ्या’, ‘गोंद्या’तला ‘या’ तसाच. आईच्या तोंडी माया, परक्याच्या तोंडी अपमान.

पुष्कळांना तो बोचला. १९७० च्या सुमारास चाहत्यांच्याच छोट्या नियतकालिकांत ‘ट्रेकर’ दिसू लागले. पोरकट तो ट्रेकी, जाणता तो ट्रेकर! ‘अर’ हा कर्त्याचा प्रत्यय, आपल्या ‘गाणारा’, ‘लिहिणारा’सारखा. मालिका तीन हंगामांनी १९६९ मध्येच बंद पडली होती. नावाचे भांडण मात्र पुढे चालले. मला स्वतःला ट्रेकरवाल्यांचा पक्ष थोडा आढ्यतेचा वाटतो. बाहेरच्याने हिणवले म्हणून त्यांनी आपल्यातल्याच काहींना खालच्या पंक्तीला बसवले.

हसण्यावारी नेऊ नका. गोव्यात ‘घाटी’ म्हणजे मुळात घाटावरून आलेला, इतकेच. आज तो शब्द कोणी, कोणाला, कोणत्या सुरात उच्चारला यावर मने दुखावतात. आणि आपल्यातही ‘आम्ही त्यातले नव्हे’ म्हणणारे निघतातच.

१९९७ मध्ये या चाहत्यांवर एक माहितीपट निघाला. त्याचे नाव ‘ट्रेकीज’.