जुनें चौल कसें पाहावें

इटलीस जाऊन रोमचे भग्नावशेष पाहावेत, व्हेनिसच्या कालव्यांतून हिंडावें, अशी हौस आपल्या सुशिक्षित कुटुंबांत पुष्कळांना असते. आणि ती वावगी नाहीं. परंतु चारशें-पांचशें वर्षांपूर्वीं त्याच इटलींतले प्रवासी समुद्र ओलांडून आपल्या किनाऱ्यावरचें एक शहर पाहून गेले, हें आपल्यापैकीं फार थोड्यांना ठाऊक असतें. तें शहर म्हणजे रायगड जिल्ह्यांतील चौल. आज त्या शहरांत कसें हिंडावें, एवढेंच मला सांगावयाचें आहे.

बोलोन्याचा लुदोविको द वार्थेमा सोळाव्या शतकाच्या आरंभीं येथें आला. त्याचा वृत्तान्त १५१० सालीं रोममध्यें छापला गेला. चौलची नदी फार सुंदर आहे, परदेशचीं गलबतें येथें पुष्कळ येतात, सुती कापड विपुल होतें, आणि द्राक्षें, अक्रोड व चेस्टनट सोडले तर या मुलखांत कशाची वाण नाहीं, असें त्याचें म्हणणें. परक्या गांवीं गेलेल्या माणसास आपल्या परसांतलें काय येथें नाहीं तें आधीं दिसतें, याची ही मौजेची साक्ष होय. पुढें त्याच शतकांत व्हेनिसचा व्यापारी चेझारे फेदेरिची आला. चौल एक नसून दोन आहेत, एक पोर्तुगीजांचें व दुसरें निजामशाहाच्या अमलांतलें, हें त्यानें नेमकें टिपलें. माडानें तर तो थक्कच झाला. एकाच झाडापासून दोर, तेल, मद्य, साखर आणि जहाजसुद्धां निघतें, याचें नवल त्यास आवरेना. त्या काळचें बंदर गेलें, बाजार गेला. माडाच्या वाड्या मात्र तशाच उभ्या आहेत.

अलिबागहून दक्षिणेकडे निघालें म्हणजे आधीं चौल लागतें व मग रेवदंडा. बहुतेक मंडळी चौलांत न थांबतां रेवदंड्याच्या वाळूकडे धांवतात. तसें करूं नये. जुनें शहर त्याच्या वयाच्या क्रमानें पाहावें. हिंगळाजच्या डोंगरांत कोरलेलीं लेणीं आहेत. तेथून आरंभ करावा. कान्हेरीच्या शिलालेखांत ज्याचें नांव चेमूल असें येतें, टॉलेमी ज्यास सिमुल्ला म्हणतो आणि अरब ज्यास सैमूर म्हणत, तें हेंच स्थळ. इ. स. ९१५-१६ च्या सुमारास मसूदी हा अरब प्रवासी येथें आला, तेव्हां शिलाहार राजा झंझ याचा अंमल होता, आणि गांवांत सुमारें १०,००० मुसलमान नांदत होते असें त्यानें लिहून ठेविलें आहे. १४६९ च्या सुमारास रशियांतील त्वेर गांवचा अफनासी निकितीन याच बंदरीं उतरला. तो लोकांकडे पाहत होता, आणि गोरा माणूस म्हणून लोक त्याच्यामागें लागत होते.

खालीं उतरून रामेश्वराच्या देवळांत यावें. पाऊस लांबला म्हणजे येथील पर्जन्यकुंड उघडावयाचें, अशी जुनी चाल आहे. ज्या गांवानें देशोदेशींचा व्यापार पाहिला, त्या गांवाचें जीवनही अखेर पावसावरच टांगलेलें होतें, ही गोष्ट त्या कुंडापाशीं मनास पटते.

यानंतर रेवदंडा. मोटारीचा रस्ता कोटाच्या भिंतींतूनच आंत शिरतो. १५०८ च्या मार्चमध्यें चौलच्या पाण्यावर इजिप्त व गुजरात यांच्या आरमारांनीं पोर्तुगीजांना गांठलें, आणि व्हाइसरॉयचा तरुण मुलगा दों लॉरेन्सो द अल्मैदा त्या लढाईंत पडला. पुढच्याच वर्षीं बापानें दीव येथें सूड उगविला. १५२१ सालीं निजामशाहाच्या परवानगीनें पोर्तुगीजांनीं हा कोट बांधावयास घेतला. ओसरी मिळाली आणि पाहुण्यानें हातपाय पसरले! १५७०-७१ मध्यें मुर्तजा निजामशाहानें त्याच कोटास वेढा घातला, पण तो हातीं न लागल्यामुळें त्यास तह करावा लागला. १५९४ मध्यें खाडीपलीकडचा कोर्लईचा किल्लाही पोर्तुगीजांनीं घेतला. अखेर १७३९ मध्यें चिमाजी अप्पांनीं वसई जिंकली, आणि १७४० सालीं चौल व कोर्लई हीं दोन्हीं ठाणीं मराठ्यांच्या स्वाधीन झालीं.

आज त्या कोटांत नारळी-पोफळींच्या वाड्या आहेत आणि त्यांच्या सावलींत चर्चांच्या व मठांच्या पडक्या भिंती. वाडीच्या मालकास विचारून आंत जावें. सर्वांत उंच उभा आहे तो फ्रान्सिस्कन पंथाच्या चर्चचा मनोरा. गांवकरी त्यास सातखणी म्हणतात. त्याचे वरचे मजले मात्र केव्हांच ढासळले.

या सातखणीखालीं माझ्या हातून एक चूक घडली, ती सांगितली पाहिजे. मी मास्तर असतांना मुलांची सहल घेऊन तेथें गेलों होतों. एका चुणचुणीत मुलानें विचारलें, "गुरुजी, हें सगळें शत्रूचें. आपण तें जिंकलें. मग आतां पाहावयाचें कशाला?" मीं तत्काळ उत्तर दिलें, "शत्रूचा गर्व कसा मातीस मिळाला, तें पाहावयाचें." मुलांनीं टाळ्या पिटल्या. कोर्लईच्या एका मुलानें मात्र टाळी वाजविली नाहीं. तो खालीं मान घालून उभा राहिला. मला वाटलें, चालून दमला असेल.

पुष्कळ वर्षांनीं खाडीवरचा पूल ओलांडून मी कोर्लईस गेलों. किल्ल्याच्या पायथ्याशीं ख्रिस्ती वस्ती आहे. एका अंगणांत आजी नातवास हांका मारून कांहीं सांगत होती. ती भाषा मराठी नव्हती, कोंकणीही नव्हती. विचारतां कळलें कीं, ही त्यांची घरची भाषा. तिला ते 'नो लिंग' म्हणजे आपली भाषा म्हणतात. सत्ता गेल्यावर पोर्तुगीज निघून गेले. येथलेच गरीब ख्रिस्ती लोक मागें राहिले, आणि ही बोलीही त्यांच्यापाशींच राहिली. आज ती बोलणारे सुमारें हजारभर असतील. क्लेमेंट्स या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञानें १९९६ सालीं तिच्यावर एक सबंध ग्रंथ प्रसिद्ध केला. शब्द बहुतेक पोर्तुगीज, परंतु मराठीच्या शेजारानें क्रियापद वाक्याच्या शेवटीं येऊन बसलें आहे. दोन शत्रूंनीं ज्या जागेसाठीं रक्त सांडलें, तेथें त्यांच्या भाषा एका वाक्यांत नांदत आहेत!

तेव्हां कोठें त्या मुलाची खालीं गेलेली मान मला समजली. ज्यास मी शत्रूचें म्हणून हिणविलें, तें त्याच्या आजीच्या तोंडीं होतें. पोर्तुगीजांचा जुलूम विसरावा, असें मी म्हणत नाहीं. चिमाजी अप्पांच्या पराक्रमाचा मलाही अभिमान आहे. परंतु जिंकलेल्या गांवाचा इतिहासही जिंकणाराच्या पदरीं येतो. त्यांतला एक तुकडा उचलून बाकीचा फेंकून देतां येत नाहीं. लेणीं कोरणारे, सैमूरचे मुसलमान सौदागर, रामेश्वराचे पुजारी आणि कोर्लईची ती आजी, या सर्वांचें मिळून चौल झालें आहे.

म्हणून श्रोतेहो, चौलास जाल तेव्हां सातखणी पाहून माघारीं फिरूं नका. पूल ओलांडून कोर्लईस जा, आणि तेथें कोणी बोलत असेल तर क्षणभर थांबून ऐका. मनोऱ्याचे मजले ढासळत आले; हा बोलता मजला अद्याप उभा आहे. त्या मुलाच्या प्रश्नास तेव्हां जें उत्तर द्यावयास हवें होतें, तें मीं आज तुम्हांस दिलें आहे.