असकृत्कर्म : ग्रहणगणितातील एक जुनी रीत

२२ जुलै २००९ रोजी, आषाढी अमावास्येस, म्हणजे दिव्यांच्या अवसेस, सकाळी जे खग्रास सूर्यग्रहण झाले त्याचा पट्टा सुरतेवरून भोपाळ, काशी, पाटणा असा पूर्वेकडे गेला. भोपाळ त्या पट्ट्यात होते. तेथून सरळ रेषेत सुमारे सव्वादोनशे किलोमीटरांवरचे सौंसर पट्ट्याच्या दक्षिणेस राहिले व तेथे ग्रहण खंडग्रासच झाले. सूर्य एक, चंद्र एक, अमावास्याही एकच; तरी गावागणिक ग्रहणाचे रूप निराळे आणि वेळाही निराळ्या. देवळाची दारे ज्या स्पर्शमोक्षाच्या घटिका पाहून लावली व उघडली जातात, त्या पंचांगकर्त्याच्या हाती येतात कशा, हे आम्ही येथे सांगू इच्छितो. कारण त्या हिशेबात गणिताच्या एका मोठ्या शाखेचे बीज आहे.

चंद्र सूर्यापेक्षा आपल्यास फार जवळ. त्यामुळे पृथ्वीच्या केंद्रातून पाहणाऱ्या कल्पित डोळ्यास तो जेथे दिसेल, त्याहून आपल्यास तो क्षितिजाकडे किंचित खाली लोंबल्यासारखा दिसतो. या लोंबण्यास सिद्धान्तकारांनी लंबन हे नाव दिले; त्याच्या दक्षिणोत्तर अंगास नती म्हणतात. भोपाळ खग्रास आणि सौंसर खंडग्रास, हा भेद मुख्यत्वे नतीचा. लंबन वेळ बदलते. स्थूलमानाने मध्यान्हापूर्वीचे ग्रहण अमावास्येच्या गणितागत क्षणाच्या आधी दिसते, मध्यान्हानंतरचे मागाहून. पण किती आधी व किती मागाहून, हे सूर्य त्या वेळी आकाशात कोठे आहे यावर ठरते. आणि सूर्य कोठे आहे हे वेळेवर ठरते. वेळ कळल्याशिवाय लंबन नाही, लंबनाशिवाय वेळ नाही!

या पेचातून सूर्यसिद्धान्त व सिद्धान्तशिरोमणी या दोन्ही ग्रंथांनी एकच वाट दाखविली आहे. अमावास्येचा क्षण धरून लंबन काढावे, त्याने वेळ सुधारावी, सुधारलेल्या वेळेवरून पुन्हा लंबन काढावे, पुन्हा वेळ सुधारावी. असे असकृत्, म्हणजे वारंवार, करीत जावे. मागील उत्तर व पुढील उत्तर यांत फरक उरला नाही की थांबावे. त्या स्थितीस अविशेष म्हणत. चंद्रग्रहणात लंबनाची अडचण नाही, पण तेथेही स्थित्यर्ध, म्हणजे स्पर्शापासून मध्यापर्यंतचा काळ, असाच फिरूनफिरून काढावा लागतो; कारण तेवढ्या अवधीत चंद्राचा शर बदललेला असतो.

हे उत्तर स्थिरावते का? सिद्धान्तकार परम लंबन ग्रहाच्या दैनंदिन गतीचा पंधरावा हिस्सा मानीत. साठ घटींचा पंधरावा हिस्सा चार घटी. एका घटीत आकाश ६ अंश फिरते, म्हणून चार घटी म्हणजे २४ अंश. त्रिज्येच्या मापाने हे सुमारे ०.४२ होतात. याचा अर्थ असा, की सोप्या रूपात घेतल्यास दर फेरीस चूक पूर्वीच्या ०.४२ पटीहून अधिक राहत नाही. आरंभी चूक फार तर चार घटींची, म्हणजे ९६ मिनिटांची. पाच फेऱ्यांअखेर ती सव्वा मिनिटाच्या आत येते. धूळपाटीवर गणित करणाऱ्यास हे परवडण्यासारखे होते.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा. सिद्धान्तशिरोमणी त्यांनी १०७२ साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी रचला आणि रीतीमागील उपपत्ती कळावी म्हणून त्यावर स्वतःच वासनाभाष्य लिहिले. नुसती रीत घोकणाऱ्यांविषयी त्यांना प्रेम नसावे. त्यांचा नातू चांगदेव देवगिरीच्या सिंघण यादवाचा ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांचे अध्यापन व्हावे म्हणून त्याने चाळीसगावाजवळील पाटण येथे मठ स्थापिला. तेथील भवानीच्या देवळातील शिलालेखात शके ११२८ च्या श्रावण पौर्णिमेस, इ.स. १२०७ मध्ये, निकुंभ वंशाच्या सोइदेवाने मठास दिलेले दान नोंदले आहे. दानाची वेळ चंद्रग्रहणाची आहे. ग्रहणाचे गणित शिकविणाऱ्या मठास ग्रहणातच दान! लेखाच्या अखेरच्या मराठी ओळींत बाजारातील मालावरचा कर व घाण्यांमागे तेल मठाकडे लावून दिले आहे. देवस्थानाच्या आश्रयाने गणितशाळेस तेल मिळावे, ही गोष्ट आमच्या देवळांच्या जमाखर्चात आज कोठे आढळते? गोव्यातील मांद्रे गावचे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख उजेडात आणून १८६५ साली प्रसिद्ध केला. मठ केव्हाच गेला होता.

या अभिमानास एक मर्यादा मात्र घातली पाहिजे. फेऱ्या कोठे थांबतात हे आमच्या गणितज्ञांनी वापरले. कोठे थांबत नाहीत, या प्रश्नाचे स्वतंत्र शास्त्र त्यांनी केले नाही. नवव्या शतकात बगदादच्या हबश अल्-हासिबाने लंबनाचे समीकरण त्याच २४ अंशांनिशी, त्याच रीतीने सोडविले. केप्लरच्या ग्रहगतीच्या समीकरणाचे रूपही हेच. ते न्यूटनच्या अधिक जलद रीतीने सोडवू गेल्यास प्रत्येक फेरीत भागाकार येतो, आणि भाजक शून्य झाला की उत्तर अनंताला जाते. अशा, काही तुटक बिंदूंवर अनंताला जाणाऱ्या व इतरत्र सुरळीत असणाऱ्या फलनांस मेरोमॉर्फिक म्हणतात. संमिश्र संख्यांच्या प्रतलावर कोणत्या बिंदूपासून निघाले असता कोणत्या उत्तरास पोचतो, हे केलीने १८७९ साली विचारले; वर्गसमीकरणाचे उत्तर त्याला मिळाले, घनसमीकरणापाशी तो अडला. पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात फ्रान्समध्ये फातू आणि युद्धात तोंडावर जबर जखम झालेला तरुण ज्युलिया यांनी दाखविले, की स्थिरावणाऱ्या व भरकटणाऱ्या बिंदूंची सीमा बहुधा कल्पनेपलीकडे वेडीवाकडी असते. दोघांनी प्रथम बहुपदींच्या भागाकारांपुरता विचार केला; ज्या ज्या-कोटिज्यायुक्त मेरोमॉर्फिक फलनांत केप्लरचे समीकरण येते, त्यांचा व्यवस्थित अभ्यास बेकर, कोटुस, ल्यू व बर्गवायलर यांनी विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात केला.

ही सीमा ग्रहणगणितासही अगदी परकी नाही. परम लंबन चार घटींऐवजी साडेनऊ घटींच्या थोडे वर असते, तर तो ०.४२ चा गुणक एकाहून मोठा झाला असता. मग मध्यान्हाच्या सुमाराच्या ग्रहणासाठी दर फेरीस चूक घटतेच, अशी हमी राहिली नसती.