सर्पपालन, विषारी

विषारी सापांना बंदिस्त जागेत जिवंत ठेवून त्यांचा आहार, आरोग्य व निवारा यांची व्यवस्था पाहणे आणि बहुधा त्यांच्यापासून विष मिळविणे, यास विषारी सर्पपालन म्हणतात. महाराष्ट्रात या व्यवसायाचे चार प्रवाह आढळतात : गारुड्यांची उपजीविका, नागपंचमीचा धर्माचार, प्रतिविष तयार करणाऱ्या संस्थांची सर्पशाळा आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाढलेली हौशी अभ्यासकांची चळवळ. नवशिक्याने कोणत्या विषारी सापापासून आरंभ करावा, हा प्रश्न चौथ्या प्रवाहाबरोबर पुढे आला. त्याचे उत्तर मात्र पहिल्या तिन्ही प्रवाहांच्या इतिहासात सापडते.

प्रदेश व सर्प : माणगाव हे रायगड (१९८१ पर्यंत कुलाबा) जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण मुंबई–गोवा महामार्गावर काळ नदीच्या खोऱ्यात वसले आहे. भातखाचरे, जांभ्या दगडाचे बांध, गवताच्या उडव्या व सह्याद्रीच्या उतारावरील जंगल यांमुळे हा परिसर बेडूक, उंदीर व सरडे यांनी समृद्ध आहे आणि साहजिकच सापांनीही. भारतात सर्पदंशाच्या मृत्यूंस मुख्यत्वे कारणीभूत असणारे नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे चारही साप कोकणात आढळतात. यांशिवाय झाडाझुडपांत हिरवा चापडा आणि किनाऱ्यालगतच्या पाण्यात समुद्रसर्प असतात. यांतील प्रत्येकाशी साधर्म्य असलेला एखादा निरुपद्रवी सापही याच शिवारात वावरतो. कवड्या हा मण्यारीसारखा व डुरक्या घोणस हा खऱ्या घोणशीसारखा दिसतो, तर धामणीला नाग समजून मारले जाते. ओळखीतील ही गफलत हाच सर्पपालनातील पहिला व सर्वांत जुना धोका होय.

फुरशाचे कोकणातील प्राबल्य एकोणिसाव्या शतकातच सरकारच्या ध्यानी आले होते. शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यात मारलेल्या प्रत्येक फुरशामागे बक्षीस देण्याची पद्धत होती. व्हिडाल या मुलकी अधिकाऱ्याने १८९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या टिपणावरून, काही वर्षे या जिल्ह्यात दरसाल सरासरी दोन लाखांहून अधिक फुरशी मारली गेल्याचे दिसते. इतका संहार होऊनही फुरसे नाहीसे झाले नाही. साप मारून दंशाचे संकट टळत नाही, हा या मोहिमेचा धडा होता. पुढील काळात साप मारण्याऐवजी तो जिवंत ठेवून त्याच्या विषापासून औषध करण्याचा मार्ग पुढे आला.

पारंपरिक सर्पपालन : गारुड्याच्या टोपलीतील साप बहुधा नाग असे. फणा काढून डोलणे, पुढे झेपावण्यापूर्वी उभे राहणे आणि दिवसाउजेडी खेळ दाखविता येणे या गुणांमुळे नागाची निवड होई. त्याला बाहेरचे कान नसतात. पुंगीच्या सुरावर तो डोलतो असे वाटत असले, तरी प्रत्यक्षात तो पुंगीच्या हालचालीकडे लक्ष ठेवून असतो. अनेक गारुडी सापाचे विषदंत उपटीत किंवा तोंड शिवून टाकीत. अशा सापाला भक्ष्य धरता येत नाही, तोंडाला जखमा होतात व तो थोड्याच काळात मरतो. नागपंचमीस त्याला पाजले जाणारे दूध हे त्याचे अन्न नव्हे. साप हा पूर्णतः मांसाहारी आहे आणि तहानेने व्याकूळ झालेला सापच दुधाला तोंड लावतो. म्हणजे या परंपरेत साप पाळला जात नसे, तर वापरला जात असे.

सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळा येथील प्रथा निराळी होती. नागपंचमीपूर्वी गावकरी रानातून नाग पकडून मडक्यांत ठेवीत, त्यांची पूजा व मिरवणूक करीत आणि नंतर त्यांना पुन्हा रानात सोडीत. तेथील नागांचे विषदंत काढले जात नसत. साप हाताळण्याचे कसब या गावात पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. एकविसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत उच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे जिवंत नागांच्या मिरवणुकीवर निर्बंध आले. श्रद्धा आणि वन्य प्राण्याचे संरक्षण यांतील हा वाद त्या गावापुरता मर्यादित राहिला नाही.

प्रतिविष व सर्पशाळा : फ्रेंच शास्त्रज्ञ आल्बेअर काल्मेत यांनी १८९० नंतरच्या दशकात नागाच्या विषावर उपयोगी पडणारी रक्तलस तयार केली. घोड्याला विषाच्या अल्प व क्रमशः वाढत्या मात्रा टोचल्या असता त्याच्या रक्तात प्रतिपिंडे तयार होतात. ती वेगळी करून दंश झालेल्या माणसाला दिल्यास विषाचा परिणाम रोखता येतो. या शोधामुळे जिवंत विषारी साप मोठ्या संख्येने जवळ बाळगणे ही वैद्यकाची गरज बनली. ब्राझीलमधील साऊँ पाउलू येथील बुतांतान (१९०१) आणि बँकॉक येथील सर्पोद्यान (१९२३) ही अशा संस्थांची प्रसिद्ध उदाहरणे होत.

मुंबईत हे कार्य परळच्या हाफकिन संस्थेत झाले. प्लेगच्या साथीच्या वेळी व्हाल्डेमार हाफकिन यांनी सुरू केलेली प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या राजभवनात आली व १९२५ मध्ये तिला त्यांचे नाव देण्यात आले. विसाव्या शतकाच्या मध्यास येथे प्रतिविषाची निर्मिती व त्यासाठी सर्पशाळा चालू होती. संस्थेतील शास्त्रज्ञ पी. जे. देवरस यांनी सर्पशाळेतील सापांपासून मिळणाऱ्या विषाच्या नोंदी अभ्यासिल्या. भारतातील सापांविषयीचा त्यांचा सामान्य वाचकांसाठीचा ग्रंथ १९६५ मध्ये नॅशनल बुक ट्रस्टने प्रसिद्ध केला. १९७५ मध्ये संस्थेचे विभाजन होऊन औषधनिर्मितीसाठी स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले.

भारतात तयार होणारे बहुसंयोजी प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सापांच्या विषांवर चालते. प्रमाणानुसार त्याच्या एका मिलिलिटरने नागाचे व घोणशीचे प्रत्येकी ०·६० मिग्रॅ., तर मण्यारीचे व फुरशाचे प्रत्येकी ०·४५ मिग्रॅ. विष निष्प्रभ झाले पाहिजे. भारतीय न्यायवैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत माणसाला मारक ठरणारी विषाची मात्रा नागाची १२, घोणशीची १५, मण्यारीची ६ व फुरशाची ८ मिग्रॅ. अशी दिलेली असते. एका दंशात यापेक्षा पुष्कळ अधिक विष शरीरात जाऊ शकते, म्हणूनच रुग्णाला प्रतिविषाच्या अनेक कुप्या द्याव्या लागतात.

सर्पशाळेतील शिस्तीचा आदर्श तमिळनाडूतील इरुला जमातीच्या सहकारी संस्थेने (१९७८) घालून दिला. सापांच्या कातड्यांच्या निर्यातीवर १९७६ मध्ये बंदी आल्याने या जमातीची उपजीविका बुडाली होती. रॉम्युलस व्हिटेकर यांच्या प्रयत्नांतून तिचे कसब विषसंकलनाकडे वळले. पकडलेला साप तेथे सुमारे तीन ते चार आठवडे मडक्यात ठेवतात, ठरावीक अंतराने त्याचे विष काढतात, पोटाच्या खवल्यांवर खूण करतात व त्याला रानात सोडतात. साप कायमचा बाळगावयाचा नाही, हे या पद्धतीचे मर्म आहे.

हौशी सर्पपालन : मुंबईत १८८३ मध्ये स्थापन झालेल्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकाने सापांच्या अभ्यासाची गोडी सुशिक्षितांत निर्माण केली. महाराष्ट्रात या गोडीला लोकचळवळीचे रूप आले ते १९७० नंतर. माथेरान येथे नोकरीस असताना नीलिमकुमार खैरे यांनी साप मारण्याऐवजी पकडून सोडण्यास प्रारंभ केला. १९८० मध्ये पुणे येथे त्यांनी ७२ विषारी सापांच्या सहवासात ७२ तास काढून विक्रम केला. पुढे १९८६ मध्ये कात्रज येथे सर्पोद्यान उभे राहिले. साप हा शत्रू नसून शेतकऱ्याचा उंदीर मारणारा साहाय्यक आहे, हा विचार यातून घरोघर पोहोचला आणि गावोगावी ‘सर्पमित्र’ निर्माण झाले. तथापि विक्रमाचे व धाडसाचे आकर्षणही त्याबरोबर वाढले. साप पकडून सोडणारा काही दिवस तो जवळ ठेवू लागला आणि निवडीचा प्रश्न तेथून सुरू झाला.

सर्पाची निवड : नवशिक्यास योग्य असा विषारी साप कोणता, या प्रश्नाची छाननी चारही प्रमुख सापांच्या बाबतीत करता येते. नाग दिवसा दिसतो, फणा काढून इशारा देतो व गारुड्यांच्या परंपरेमुळे सोपा वाटतो. मात्र हा सोपेपणाच घातक ठरतो, कारण सवयीने गाफीलपणा येतो आणि नागाचे विष श्वसनाचे स्नायू थोड्याच अवधीत लुळे पाडू शकते. मण्यार दिवसा मंद व शांत असते, पण रात्री ती चपळ होते. तिच्या दंशाच्या वेदना जाणवतही नाहीत. तिचे मुख्य अन्न इतर साप असल्यामुळे बंदिवासात तिला पोसणेही कठीण जाते. जाड अंगाची घोणस सुस्त भासते. तिचा प्रहार विलक्षण वेगवान व विषदंत लांब असतात. तिच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते व मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. शिवाय ती पिलांना जन्म देते व एका वेळी वीस-चाळीस पिले होणे सामान्य असल्याने एका मादीमुळे पालकाच्या घरी विषारी सापांचा समूह उभा राहू शकतो. फुरसे जेमतेम वीतभर ते हातभर लांबीचे असल्याने लहान डब्यात मावते. ते खवले घासून करवतीसारखा आवाज काढते व क्षणार्धात चावते. लहान आकारामुळे ते सुरक्षित वाटते, पण त्यानेच कोकणात अनेकांचा बळी घेतला आहे.

यावर, कमी घातक अशा हिरव्या चापड्यापासून आरंभ करावा, असे कोणी सुचवील. त्याच्या दंशाने माणूस क्वचितच दगावतो हे खरे. पण उपलब्ध बहुसंयोजी प्रतिविष त्याच्या विषावर उपयोगी नाही. म्हणजे सौम्य म्हणून निवडलेल्या सापाच्या दंशावर नेमका उपायच हाती नसतो. अमेरिकन सर्पशास्त्रज्ञ कार्ल श्मिट यांना १९५७ मध्ये बूमस्लँग या मागील विषदंतांच्या आफ्रिकी सापाचा दंश झाला. तो गंभीर नाही असे मानून त्यांनी उपचार घेतले नाहीत व दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. २००१ मध्ये म्यानमारमध्ये जोसेफ स्लोविन्स्की या तज्ज्ञाला मण्यारीच्या पिलाचा दंश झाला. हा साप निरुपद्रवी असल्याचे त्याआधी समजण्यात आले होते. ही दोन्ही माणसे नवशिकी नव्हती.

उपचार व अंतर : सापाची निवड ही वस्तुतः सर्वांत जवळच्या सुसज्ज रुग्णालयाची निवड असते. हे सत्य माणगावच्या दक्षिणेस असलेल्या महाड परिसरातील वैद्यकीय कार्याने अधोरेखित केले. हिंमतराव बावस्कर यांनी १९७६ पासून बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात व पुढे महाड येथे विंचूदंश व सर्पदंश यांच्या रुग्णांवर काम केले. मण्यार व नाग यांच्या दंशांची ग्रामीण परिस्थितीतील लक्षणे व उपचार त्यांनी शास्त्रीय नियतकालिकांतून मांडले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री देण्यात आली. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावते, पहाटे पोटदुखी सुरू होते व पापण्या जड होतात. अशा वेळी प्रतिविषाइतकीच कृत्रिम श्वासोच्छ्‌वासाची तातडीने गरज असते. कोरड्या भुकटीच्या रूपातील प्रतिविष शीतगृहाविना टिकते, ही ग्रामीण भागाला मोठी सोय आहे. पण भुकटी माणसाच्या जागी श्वास घेत नाही.

पालकाच्या बाबतीत आणखी एक धोका संभवतो. विषाशी व घोड्याच्या रक्तलशीशी वारंवार संबंध आल्याने शरीर त्यांना अतिसंवेदनशील होऊ शकते. त्यामुळे पूर्वी जो उपचार तारक ठरला तोच पुढील वेळी तीव्र प्रतिक्रिया घडवू शकतो. अनेक दंश पचविलेला पालक अधिक सुरक्षित असतो, ही समजूत म्हणून चुकीची आहे.

कायदा : १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात संरक्षित प्राण्याला पकडणे याचाही समावेश शिकारीत होतो. नाग, घोणस आदी साप अनुज्ञप्तीशिवाय पकडणे वा घरी बाळगणे हा गुन्हा आहे. १९९१ च्या दुरुस्तीने प्राणिसंग्रहालयांना, त्यांत सर्पोद्यानांनाही, मान्यता आवश्यक केली. २०२२ च्या दुरुस्तीने आंतरराष्ट्रीय व्यापारविषयक कराराच्या परिशिष्टांतील विदेशी प्राण्यांची नोंदणीही बंधनकारक झाली. त्यामुळे खाजगी हौसेसाठी विषारी साप निवडण्याचा प्रश्न भारतात कायद्याने निकालात निघाला आहे. ज्याला हे शास्त्र शिकावयाचे आहे त्याने मान्यताप्राप्त संस्थेत प्रवेश मिळवावा. तेथेही प्रथम धामण, दिवड, तस्कर अशा बिनविषारी सापांची ओळख, स्वच्छता व नोंदी यांवर प्रभुत्व मिळवावे लागते. विषारी सापाच्या कक्षाला दुहेरी कुलूप, आकडी व पारदर्शक नळी, कामाच्या वेळी दुसरी जाणकार व्यक्ती आणि दंशानंतरची लेखी कार्यपद्धती असल्याशिवाय त्याला हात लावला जात नाही.

महत्त्व : एका विस्तृत अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी सुमारे ५८,००० माणसे मृत्युमुखी पडली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाचा दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांत समावेश केला, तर २०२४ मध्ये भारत सरकारने २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याची कृतियोजना जाहीर केली. यासाठी विष लागते व विषासाठी साप पाळावेच लागतात. एकाच जातीच्या सापाचे विषही प्रदेशागणिक बदलते. दक्षिणेकडील फुरशाच्या विषापासून केलेले प्रतिविष राजस्थानातील फुरशाच्या दंशावर तितके परिणामकारक ठरत नाही. म्हणून निरनिराळ्या प्रदेशांतील सापांच्या शास्त्रीय पालनाची गरज पुढेही राहणार आहे. भाताच्या खाचरात अनवाणी उतरणाऱ्या शेतकऱ्याला विषारी सापाची निवड करता येत नाही. सर्पशाळेतील प्रत्येक सापाचे प्रयोजन अखेर त्याचा जीव वाचविणे हेच आहे. [⟶ नाग, फुरसे, साप].